जी-बळाचे लढाऊ वैमानिकाच्या शरीरावरील परिणाम

लढाऊ विमान वेगात असताना तीव्र वळण घेते, तेव्हा वैमानिकाचे शरीर आसनात जोराने दाबले जाते. हा भार गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, म्हणजे ‘जी’मध्ये मोजतात. जमिनीवर आपण १ जी अनुभवतो. एफ-१६, राफेल किंवा नाशिकजवळ ओझरला बांधले जाणारे सुखोई-३० एमकेआय ९ जीपर्यंत जाऊ शकते. ७० किलोच्या माणसाचा भार तेव्हा ६३० किलो होतो. मात्र शरीर आधी हार खाते ते रक्ताच्या भारापुढे.

हृदयापासून डोळे साधारण ३० सेंमी उंचीवर असतात. तेवढे रक्त वर चढवताना दर जीमागे सुमारे २२ मिमी (पाऱ्याचा, रक्तदाब मोजतात तो) दाब खर्च होतो. हृदयाशी १२० असलेला दाब ५ जीच्या आसपास डोक्यापर्यंत पोहोचेतो जवळजवळ संपतो. डोळ्याला स्वतःचा अंतर्गत दाब असल्याने तिथला पुरवठा मेंदूच्या आधी तुटतो. रंग फिके पडतात, कडेचे दिसेनासे होते, मग पूर्ण अंधारी येते. शुद्ध मात्र असते. भार सावकाश वाढला तर ही पूर्वसूचना मिळते. आजची विमाने एका सेकंदात कित्येक जी चढवतात. मेंदूत जेमतेम ४ ते ६ सेकंद पुरेल एवढाच प्राणवायू शिल्लक असतो, आणि तो संपला की वैमानिक अंधारी न येताच बेशुद्ध पडतो.

ही बेशुद्धी सुमारे १२ सेकंदांची, त्यानंतर जवळपास तितकाच वेळ गोंधळलेपणाचा. ताशी ९०० किमी वेगाने एवढ्यात ६ किमी अंतर कापले जाते. शुद्धीवर आलेल्या काहींना आपण बेशुद्ध पडलो होतो हेही आठवत नाही. २०१६मध्ये अमेरिकेत प्रशिक्षणार्थी वैमानिक असा बेशुद्ध पडला असता एफ-१६च्या स्वयंचलित यंत्रणेने विमान जमिनीपासून वर खेचले.

बचावाची साधने जुनीच आहेत. कॅनडाच्या विल्बर फ्रँक्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्याने भरलेला पोशाख तयार केला. आजचा जी-सूट हवेने फुगून पाय व पोट आवळतो. त्याचा फायदा एक-दीड जीच. उरलेला भार वैमानिक स्वतः पेलतो: पाय-पोटाचे स्नायू घट्ट आवळून श्वास रोखायचा, दर तीन सेकंदांनी झटक्यात बदलायचा. हे तंत्र सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे माणसाला वेगाने गोल फिरवून जी-भार देणाऱ्या यंत्रात, घोटून घेतात. भारतात ती सोय बंगळूरच्या भारतीय वायुदलाच्या वैमानिकीय वैद्यक संस्थेत आहे. हे काम विलक्षण दमवणारे असते. उड्डाणानंतर हातांवर, नितंबांवर फुटलेल्या केशवाहिन्यांचे लाल ठिपके उठतात. ते आपोआप जातात.

मान मात्र विसरत नाही. बेशुद्धीची चर्चा जास्त होते, पण वर्षानुवर्षे उडणाऱ्याला छळते ती मानदुखी, आणि वरच्या उपायांचा मानेला काडीचाही उपयोग नाही. डोके आणि हेल्मेट-मुखवटा मिळून ७ किलो धरले, तरी ९ जीला ६३ किलो होतात. तेही सरळ बसून पेलायचे नसतात. शत्रू पाठीमागे आला का, हे पाहायला वैमानिक भाराखालीच मान पूर्ण वळवतो. स्नायू व अस्थिबंध ताणले जातात, मणक्यांमधल्या चकत्या लवकर झिजतात. एफ-१६चे ३० अंश मागे कललेले आसन भार सोसायला थोडी मदत करते, पण पुढे बघायला मान वाकवावी लागते आणि तिच्यावरचा ताण वाढतो. हेल्मेटवर बसवलेल्या लक्ष्यवेधी व रात्रदृष्टी उपकरणांनी हे ओझे आणखी वाढवले आहे, तेही डोक्याच्या पुढच्या बाजूला.