गाड्या ओढल्या कोणी?

‘नवव्या शतकात फ्रान्सच्या आकाशात उडत्या तबकड्या, बिशपनेच लिहून ठेवलाय पुरावा!’ हा व्हिडिओ गेल्या आठवड्यात मला तिघांनी पाठवला. बिशपचं नाव अगोबार्ड, शहर ल्यों. नाव खरं, शहर खरं, ढगांतल्या जहाजांबद्दल त्याने एका पुस्तिकेत लिहिलं हेही खरं. फक्त लिहिलं ते असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांची अक्कल काढायला!

लोक म्हणत, मॅगोनिया नावाच्या देशातून ढगांवरून जहाजं येतात, गारपिटीने झोडपलेलं धान्य भरून नेतात आणि वादळ आणणाऱ्या मांत्रिकांना त्याचा मोबदला देतात. अशा जहाजातून पडले म्हणून तीन पुरुष आणि एका बाईला लोकांनी काही दिवस बांधून ठेवलं आणि दगडांनी मारायला अगोबार्डपुढे उभं केलं. बऱ्याच वादानंतर आणणारेच निरुत्तर झाले, असं तो लिहितो.

मला मात्र त्याच पुस्तिकेचा शेवट आवडतो. तिथे गुरं आहेत.

८१० साली पश्चिम युरोपाचा सम्राट शार्लमेन डेन राजा गोडफ्रिडच्या विरोधात सैन्य घेऊन निघाला आणि सैन्याबरोबरची जवळजवळ सगळी गुरं मेली. साम्राज्यभर तीच गत. मग अफवा उठली: दक्षिण इटलीतल्या बेनेव्हेंतोचा ड्यूक ग्रिमोआल्ड सम्राटाचा वैरी, त्यानेच माणसं पाठवून शेतांत, कुरणांत, झऱ्यांत विषारी भुकटी टाकली. धरपकड झाली. काहींना मारलं, काहींना फळ्यांना बांधून नदीत फेकलं. पकडलेले स्वतःच ‘हो, आम्हीच टाकली’ म्हणत होते, याचं अगोबार्डला फार आश्चर्य वाटतं. मला नाही वाटत. जमावाच्या हातात सापडलेला माणूस काहीही कबूल करतो.

अगोबार्डचे प्रश्न दोन. बेनेव्हेंतोचे सगळे बायकापुरुष, म्हातारे-तरणे, माणशी तीन गाड्या भुकटी घेऊन निघाले तरी एवढा मुलूख व्यापेल का? आणि फक्त गुरं मरतील, बाकी जनावरांना काही होणार नाही, अशी भुकटी असते तरी कशी?

हा दुसरा प्रश्न विषाणूशास्त्राच्या पहिल्या तासाला विचारावा असा आहे. ती साथ बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या जीवघेण्या रोगाची असावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. बुळकांडीचा विषाणू गोवराच्या विषाणूचा सख्खा भाऊ. तो श्वासावाटे आत येतो आणि रोगप्रतिकारक पेशींवरच्या ‘स्लॅम’ नावाच्या प्रथिनाला चिकटतो. म्हणजे ज्यांनी पहारा द्यायचा त्यांच्याच खांद्यावर बसून तो लसीकाग्रंथींत पोचतो, तिथे वाढतो, मग अंगभर पसरतो. पुढे ‘नेक्टिन-४’ या दुसऱ्या प्रथिनाच्या आधाराने तो तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात घुसतो. तोंडात फोड, नाकाडोळ्यांतून स्राव, मग जुलाब. जनावर पाणी कमी होऊन आठ-दहा दिवसांत आडवं होतं.

आता स्लॅम हे प्रथिन आपल्याही अंगात आहे. पण प्रत्येक प्राण्यात त्याची घडण थोडी वेगळी, अमिनो आम्लं इकडची तिकडे, त्यामुळे विषाणूची पकड कमीजास्त होते. शिवाय नुसतं आत शिरून भागत नाही. पेशी इंटरफेरॉनकरवी धोक्याचा निरोप देते, तो विषाणूच्या ‘व्ही’ प्रथिनाला मध्येच अडवावा लागतो, आणि ही अडवाअडवी कोणत्या प्राण्यात किती जमते यावरही बरंच ठरतं. (इथे कंटाळा आला असेल तर एवढंच लक्षात ठेवा: विषाणू यजमान पारखून घेतो.) म्हणून बुळकांडी गाय, बैल, म्हैस अशा दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांना होते. घोड्याला नाही, माणसाला नाही.

आणखी एक. हा विषाणू उन्हात, कोरड्यात फार टिकत नाही. त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडे जायला जवळचा श्वास लागतो. माणशी तीन गाड्यांचा हिशेब मांडताना अगोबार्डला सुचलं नाही, पण त्या गाड्या ओढल्या असत्या बैलांनीच! रोग गाडीतल्या मालातून नाही, गाडी ओढणाऱ्याच्या नाकातून पसरत होता, आणि हजारो जनावरं एकत्र हाकत नेणारी लष्करी मोहीम त्याला हवीच होती.

भारतातली बुळकांडीची शेवटची साथ १९९५ सालची. २०११ मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीच्या रोगानंतर माणसाने मुळासकट उखडलेला हा दुसराच विषाणू.

अगोबार्डला आजचा विवेकवादी म्हणून मखरात बसवायचं कारण नाही. गारा माणूस पाडत नाही कारण त्या देव पाडतो, हा त्याचा मुख्य मुद्दा. ज्यूंविरुद्ध त्याने विखारी पत्रं लिहिली आहेत. ८१६ साली आर्चबिशप झाला, राजकारणात चुकीची बाजू धरून ८३५ मध्ये पद गमावलं, परत मिळवलं आणि ८४० साली वारला. पुढे त्याचं लेखन विस्मरणात गेलं. १६०५ साली पापीर मासों हा फ्रेंच विद्वान ल्योंमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात गेला, तेव्हा बांधणीवाला एक जुनं हस्तलिखित पुठ्ठ्यांसाठी कापायच्या बेतात होता. ते अगोबार्डचं होतं.