तीन रंगांचा बोका का दिसत नाही?

परवा एक फॉरवर्ड आला, बायकांकडे एक्स क्रोमोझोम दोन असतात म्हणून त्यांचं सगळंच डबल, इम्युनिटी डबल, सहनशक्ती डबल. वाचायला बरं वाटतं, पण पेशीत असलं गणित चालत नाही, आणि जे खरं घडतं ते या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे.

शाळेतलं आठवा, बाईच्या पेशीत एक्सएक्स, पुरुषाच्या एक्सवाय. वाय अगदीच बारका, त्यावरचं एसआरवाय नावाचं जनुक (१९९० साली सापडलं) गर्भात वृषण बनवायचा हुकूम सोडतं, बाकी त्याच्याकडे फार काही नाही. एक्सवर मात्र प्रोटीन बनवणारी आठेकशे जनुकं. ती बाईच्या पेशीत खरंच दुप्पट चालली तर सगळा गोंधळ. म्हणून दोनातला एक एक्स चक्क बंद केला जातो.

१९४९ मध्ये मरे बार नावाचा शास्त्रज्ञ मांजरांच्या मेंदूतल्या पेशी बघत होता, तर माद्यांच्या पेशीत एक गडद ठिपका दिसायचा, बोक्यांच्यात नाही. तो ठिपका म्हणजे गुंडाळून ठेवलेला एक्स. १९६१ मध्ये मेरी लायन या जनुकशास्त्रज्ञ बाईंनी उंदरांच्या रंगावरून ओळखलं की कुठला एक्स बंद होणार हे गर्भातली प्रत्येक पेशी आपापलं ठरवते, छापा-काटा केल्यासारखं, आणि मग तिची सगळी पिल्लावळ तोच निकाल पाळते.

बंद कसा होतो, हा माझा सगळ्यात आवडता भाग. एक्सवरच एक्सआयएसटी नावाचं जनुक आहे, त्यातून सुमारे १७ हजार अक्षरांचा आरएनए (जनुकाची उतरवून घेतलेली नक्कल) निघतो. एरवी असा आरएनए बाहेर जातो आणि त्यावरून प्रोटीन बनतं. हा केंद्रकातून बाहेरच पडत नाही. ज्या एक्समधून निघाला त्यालाच गोधडीसारखा लपेटून बसतो, शेजारच्या एक्सला हातही लावत नाही. मग इतर प्रोटीनं येतात, हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनांवरच्या) 'चालू'च्या खुणा पुसतात, 'बंद'च्या लावतात, डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक चिठ्ठ्या चिकटवतात, आणि अख्खा क्रोमोझोम आवळला जातो. जो ओरडला तोच झोपला!

मांजरात केशरी रंगाचं जनुक एक्सवर असतं. मादीचा एक एक्स केशरी आणि दुसरा काळा असेल तर कातडीवर ठिगळं पडतात, जिथे जो एक्स जागा तिथे तो रंग. पांढरा वेगळ्या जनुकातून येतो. बोक्याकडे एक्सच एक, त्यामुळे केशरी नाहीतर काळा. क्वचित तीन रंगांचा बोका निघतोच, पण तो बहुधा एक्सएक्सवाय असतो. २००१ मध्ये अशाच एका तीनरंगी मांजरीचा क्लोन केला, सीसी नावाची मांजर, तर तिच्यात केशरी रंग उतरलाच नाही, जनुकं तीच असून.

बायकाही अशाच ठिगळांच्या असतात, फक्त आपल्याला दिसत नाही. (आणि यावरून कोणी 'म्हणून बायकांना नकाशा वाचता येत नाही' वगैरे सांगायला लागलं तर सरळ स्क्रोल करा, क्रोमोझोमपासून वागण्यापर्यंत मध्ये हॉर्मोन, संगोपन, सवयी असं बरंच काही येतं.)

एक भानगड राहिली. बंद एक्सवरची काही जनुकं निसटतात, चालूच राहतात. टीएलआर७ (जंतू ओळखायला मदत करणारं जनुक) हे त्यातलंच, काही रोगप्रतिकारक पेशींमध्ये ते दोन्ही एक्सवरून चालतं. ल्युपसमध्ये शरीर स्वतःवरच हल्ला करतं, त्याच्या दहापैकी नऊ पेशंट बायका, आणि त्यामागच्या कारणांत हे एक धरलं जातं. म्हणजे फॉरवर्डवाल्याची 'डबल इम्युनिटी' इथे थोडीफार खरी निघते, फक्त त्याला ती अशी नको असणार.