ठाणे ते सीएसएमटी : एका लोकलचा ऊर्जेचा हिशेब

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजेच सीएसएमटी) कुर्ल्यापर्यंत, हार्बर मार्गाने, देशातील पहिली विजेवर चालणारी प्रवासी गाडी धावली. दर दोन किलोमीटरवर थांबायचे आणि लगेच पुन्हा वेग घ्यायचा, हे काम वाफेच्या इंजिनाला जड जात होते. विजेच्या मोटरला ते सहज जमते. आज हीच लोकल पर्यावरणाला सोसेल अशा वाहतुकीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण नेमकी कशामुळे, हे तपासले तर गर्दीविषयीचा आपला एक मोठा गैरसमजही दूर होतो.

सुरुवात चाकापासून करावी लागेल. मोटारीचे रबरी टायर रस्त्याला टेकते तिथे चपटे होते आणि पुढे सरकताच मूळ आकारात येते. या सततच्या दबण्या-फुलण्यात रबर तापते आणि इंधनातील ऊर्जेचा एक वाटा त्या उष्णतेत जातो. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकते ती जागा मात्र एखाद्या लहान नाण्याएवढी असते आणि तिथे दोन्ही धातू जेमतेम दबतात. त्यामुळे सपाट रुळावर एक टन वजन गडगडत ठेवायला एक-दोन किलो वजनाइतकी ओढ पुरते, तर डांबरी रस्त्यावर त्याच वजनाला दहा ते पंधरा किलोंची ओढ लागते. शिवाय बारा डबे एकामागोमाग एक जात असल्यामुळे समोरची हवा मुख्यतः पहिल्या डब्यालाच कापावी लागते.

तरीही लोकलची खरी भूक गडगडण्यात नसून थांबण्यात आहे. भरलेल्या बारा डब्यांच्या गाडीचे वजन साडेसातशे टन आणि वेग ताशी ७२ किलोमीटर धरला, तर तिच्या गतीत १५ कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे ४२ युनिट ऊर्जा साठलेली असते. ठाण्याहून सुटलेली धीमी लोकल सीएसएमटीपर्यंतच्या ३४ किलोमीटरमध्ये मुलुंडपासून मशीदपर्यंत सतरा ठिकाणी आणि शेवटी सीएसएमटीला, अशी एकूण अठरा वेळा थांबते. प्रत्येक वेळी तिने हा वेग गाठला असे मानले तर जवळजवळ साडेसातशे युनिट केवळ वेग घेण्यात खर्च होतील. करी रोड आणि चिंचपोकळीसारख्या जवळजवळच्या स्थानकांदरम्यान गाडी एवढा वेग घेतच नाही, त्यामुळे खरा आकडा याहून कमी आहे; परंतु सर्वांत मोठा खर्च कुठे होतो, हे एवढ्यावरून कळते.

जुन्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच्या) गाड्यांत ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन संपत असे. भर म्हणून, गाडी सुरू होताना मोटरकडे जाणारा प्रवाह आवरण्यासाठी जे रोधक जोडलेले असत, तेही तापत. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत ब्रेक लावताच मोटर जनित्रासारखी काम करू लागते. चाके तिला फिरवतात, ती वीज निर्माण करते आणि त्या निर्मितीच्या ओझ्यानेच गाडीचा वेग उतरतो. ही वीज पेंटोग्राफमधून, म्हणजे छपरावरील तारेला टेकणाऱ्या सांगाड्यातून, ओव्हरहेड वायरमध्ये परत जाते आणि जवळच वेग घेणारी दुसरी लोकल ती वापरते. घाटकोपरला थांबणाऱ्या गाडीची गती विक्रोळीहून सुटणाऱ्या गाडीला मिळावी, ही कल्पना मला या साऱ्या यंत्रणेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अशा रीतीने घेतलेल्या विजेपैकी ३० ते ३५ टक्के परत मिळते, असे मानले जाते.

मुंबईतील तारांचा दाब १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसी (सतत दिशा बदलणारा प्रवाह) करण्याचे महत्त्व इथेच कळते. जुन्या व्यवस्थेत उपकेंद्रांतील, एसी विजेची डीसी करणारे रेक्टिफायर प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देत, त्यामुळे जवळपास वीज घेणारी गाडी नसेल तर परत आलेली वीज कुठेच जाऊ शकत नसे. एसी व्यवस्थेत ती ट्रान्सफॉर्मरमधून मूळ जाळ्यात जाऊ शकते. शिवाय दाब जवळजवळ सतरापट झाल्यामुळे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह सतरापट कमी लागतो, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती गळतीही फार घटते. हे काम पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये पूर्ण झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील शेवटची डीसी गाडी थांबली.

वीज मुख्यतः कोळशापासून येते, हा आक्षेप रास्त आहे आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ठाणे ते सीएसएमटी या एका फेरीला मुद्दाम सढळपणे हजार युनिट धरले, तर सातशे किलो होतात. गर्दीच्या वेळी त्या गाडीत पाच हजार माणसे असतात, म्हणजे माणशी १४० ग्रॅम. हेच अंतर लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल मोटारीने एकट्याने कापले तर पाच किलोंहून अधिक, आणि लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरने कापले तर पावणेदोन किलो वायू बाहेर पडतो.

एवढ्यावरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की लोकल पर्यावरणाला परवडते ती तिच्यातील गर्दीमुळे. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि मला तो घातकही वाटतो. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहतात, तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मागून घ्यावी लागते, आणि कोरोनाच्या काळातील वर्षे सोडली तर मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे रुळांवर वा गाडीतून पडून मरण पावतात. ज्याला हे टाळणे परवडते तो एक दिवस हप्त्याने दुचाकी घेतो, आणि त्याच्या वाट्याचा वायू एका झटक्यात बारापट होतो.

आता त्याच गाडीत फक्त बसण्याच्या जागेइतकी, म्हणजे साधारण अकराशे माणसे आहेत असे धरू. सातशे किलोंची वाटणी केली तर माणशी साडेसहाशे ग्रॅमही होत नाहीत. मोटारीच्या आठव्या हिश्श्याइतके आणि स्कूटरच्या निम्म्याहूनही कमी. कमी माणसांमुळे गाडीचे वजन उतरून वाचणारी वीज यात धरलेलीच नाही. आज एका गाडीत कोंबलेली पाच हजार माणसे दोन गाड्यांत नेली, तर दरडोई १४० चे २८० ग्रॅम होतील, आणि स्कूटरच्या मानाने ते सहाव्या हिश्श्याहून कमीच राहतील.