विद्यार्थी-नायक पद्धती

शाळेतील अध्यापनाची वा शिस्तीची काही कामे विद्यार्थ्यांमधूनच नेमलेल्या किंवा निवडून दिलेल्या मुलामुलींकडे सोपविण्याची पद्धती. मॉनिटर, वर्गप्रतिनिधी, प्रीफेक्ट (शिस्त राखणारा वरच्या वर्गातील विद्यार्थी), विद्यार्थी-प्रमुख ही पदे तिच्यात मोडतात. नेमणुका बहुधा सत्राच्या आरंभी होतात आणि सत्र किंवा वर्ष संपले की पद सुटते. सत्रारंभीच नेमणूक करण्यामागे कारण आहे. तुकड्या नव्याने पडलेल्या असतात, बसण्याच्या जागा ठरायच्या असतात, नवागतांना वर्ग कुठला आणि तक्रार कोणाकडे न्यायची हेही ठाऊक नसते. हे सारे सांगणारे मूल याच आठवड्यांत लागते, आणि नायकाचा अधिकार कुठवर चालतो हेही याच आठवड्यांत ठरून जाते.

पद्धतीची अंगे दोन : लहानांना शिकविणे आणि इतरांवर देखरेख ठेवणे. ती आज एकाच पदात मिसळलेली दिसत असली, तरी त्यांचा इतिहास वेगवेगळा आहे. ही पद्धती भारतातून गेली की युरोपात घडली, या उगमाविषयीच्या वादात हा भेद पुष्कळदा सुटतो.

उगम : देखरेखीचा जुना लेखी पुरावा इंग्लंडमधील विंचेस्टर कॉलेजच्या नियमावलीत मिळतो. संस्थेची स्थापना १३८२ मधली. नियमावली साधारणपणे १४०० ची मानतात. खालच्या प्रत्येक निवासी दालनात वयाने, समजेने व विद्येने पुढे असलेले किमान तीन विद्यार्थी असावेत, त्यांनी सोबत्यांच्या अभ्यासावर लक्ष ठेवावे आणि त्यांची वर्तणूक वरिष्ठांना कळवावी, असे तीत सांगितले आहे. शिक्षा देण्याचा अधिकार या कलमात नाही. सोळाव्या शतकात सायलीशियातील गोल्डबर्ग (सध्या पोलंडमध्ये) येथील शाळेत व्हॅलेंटिन ट्रोट्सेनडोर्फ (१४९०–१५५६) याने रोमन प्रजासत्ताकाच्या धर्तीवर विद्यार्थ्यांचे मंडळ उभे केले होते. त्यात कॉन्सल, सेनेटर व सेन्सर ही रोमन राज्यकारभारातील पदे मुलांकडेच असत, शिवाय मोठी मुले लहानांना शिकवीत. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या १५९९ च्या अध्यापन-नियमावलीत ‘डेक्युरियन’ नावाचे विद्यार्थी आढळतात. सोबत्यांचे पाठांतर ऐकणे, लेखी काम गोळा करणे, कोण किती वेळा अडखळला याची वहीत नोंद ठेवणे ही त्यांची कामे होत. वर्गातील मानाची पदे महिन्या-दोन महिन्यांनी निबंधलेखनाच्या गुणवत्तेवरून नव्याने द्यावीत, असेही त्या नियमावलीत आहे.

अध्यापनाच्या अंगाचा वाद मद्रासशी निगडित आहे. स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल १७८९ मध्ये मद्रासजवळच्या एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलग्यांच्या आश्रमशाळेचा अधीक्षक झाला. एकदा जाता जाता एका ‘मलबारी’ म्हणजे स्थानिक देशी शाळेत मुले जमिनीवर बसून बोटांनी वाळूत अक्षरे गिरवीत असल्याचे त्याने पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणायचे ठरविले. हाताखालच्या शिक्षकांना ही नवी रीत रुचेना, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन या सुमारे आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपविला. पुढे इतर वर्गही अशाच मुलांकडे गेले. या प्रयोगाचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनमध्ये छापून निघाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी ३ जून १८१४ च्या खलित्यात भारतीय गुरूंची पुरातन अध्यापनरीत डॉ. बेल यांच्या द्वारे इंग्लंडने स्वीकारली, असे म्हटले. या खलित्याच्या आधारे संपूर्ण पद्धतीचे श्रेय भारतीय शाळांना देणारा एक पक्ष आहे. इतिहासलेखक धर्मपाल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिशकालीन सरकारी कागदपत्रांच्या संग्रहाने त्याला नवे बळ मिळाले. दुसऱ्या पक्षाच्या मते भारतातून गेली ती वाळूत लिहिण्याची रीत. मुलाला शिक्षक करण्याची कल्पना बेलला अडचणीतून सुचली.

पहिल्या पक्षाच्या बाजूचा एक पुरावा मात्र जुना व प्रत्यक्षदर्शी आहे. इटालियन प्रवासी प्येत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२३ मध्ये इक्केरी (कर्नाटक) येथील एका देवळाच्या ओवरीत चार मुलांना अंकगणित शिकताना पाहिले. एक जण धड्याचा भाग सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता बारीक वाळूवर बोटाने लिही. बाकीचे तसेच म्हणत व लिहीत. जमीन अक्षरांनी भरली की वर नवी वाळू पसरायची. गुरुजी तेथे नव्हते. विसरलेले कोण दुरुस्त करते, असे विचारल्यावर, चौघेही एकाच वेळी विसरणे शक्य नाही, असे उत्तर मिळाले. परस्परांना शिकविण्याची रीत दक्षिण भारतात बेलच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी होती, हे यावरून मान्य करावे लागते. पण या चौघांत नायक कोणी नाही; नेमणूक नाही, पद नाही, वरिष्ठांना खबर देणे नाही. म्हणून शिकण्याच्या रीतीचा वारसा भारतीय आणि पदांच्या उतरंडीची घडण युरोपीय, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रसार व ऱ्हास : जोसेफ लँकेस्टर या इंग्रज शिक्षकाने १७९८ च्या सुमारास लंडनच्या बरो रोडवर शाळा काढली आणि एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसविली. तेथे वाचनाचा, पाट्यांचा, गैरहजेरीचा असे वेगवेगळे मॉनिटर असत व त्यांच्या अंगावर पदाची तिकिटे असत. आजच्या बिल्ल्यांचे हे जवळचे पूर्वरूप होय. बेलच्या व लँकेस्टरच्या अनुयायांत पद्धती आधी कोणी काढली यावरून दीर्घ वाद झाला. त्यात धर्मपंथीय तेढही होती. कमी खर्चामुळे पद्धती अनेक देशांत पसरली, पण लहान मूल घोकून घेण्यापलीकडे फारसे शिकवू शकत नाही, हे लवकरच उघड झाले. १८४६ पासून इंग्लंडमध्ये तेराव्या वर्षापासून पाच वर्षे उमेदवारी करणारे वेतनी विद्यार्थी-शिक्षक आले आणि अध्यापनाचे अंग नायकाच्या पदापासून बहुतांशी तुटले. उरली ती देखरेख.

प्रीफेक्ट : टॉमस आर्नल्डने रग्बी या इंग्लंडमधील निवासी शाळेचा मुख्याध्यापक असताना (१८२८–४२) वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शाळेच्या कारभारात आपले भागीदार मानले. त्यांचा पाठिंबा नसेल तर आपल्याला जावे लागेल, असे तो त्यांना उघडपणे सांगे. या विश्वासाने अनेक मुले घडली, हे खरे. परंतु अशा निवासी शाळांतून प्रीफेक्टांना छडीचाही अधिकार होता आणि लहान मुलांकडून मोठ्यांची खाजगी कामे करून घेण्याची प्रथा होती. नव्या सत्रात आलेल्या मुलाला तिचा जाच सर्वांत जास्त होई. मुलाच्या हाती दुसऱ्या मुलाला मारण्याचा अधिकार देणे हा या परंपरेतील मोठा दोष होय. आर्नल्डच्या गौरवात तो झाकला जाऊ नये.

स्वशासनाचे प्रयोग : विसाव्या शतकात नेमणुकीऐवजी निवडणूक व सभा यांकडे कल झुकला. होमर लेनची लिटल कॉमनवेल्थ ही मुलांची वसाहत (१९१३) आणि ए. एस. नीलची समरहिल ही शाळा (१९२१) ही ठळक उदाहरणे. वॉर्साच्या अनाथगृहात यानुश कोर्चाक या पोलिश डॉक्टर व शिक्षणतज्ज्ञाने मुलांचे न्यायालय चालविले. ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात, आणि न्यायालयाच्या संहितेची पहिली ९९ कलमे क्षमेची होती. मोठ्यांवरही तेथे फिर्याद करता येई. खुद्द कोर्चाकवर ती झाली होती. नायक लायक असावा, या आग्रहाऐवजी पद कायमचे कोणाचेच नसावे, हा विचार येथे स्पष्टपणे अमलात आलेला दिसतो.

सद्यःस्थिती : संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) बाराव्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला, विद्यार्थी परिषदांना त्याचा आधार घेता येतो. जपानी शाळांत दिवसाची जबाबदारी पाळीपाळीने सर्वांकडे जाते. इतरत्र निवडणूक, शिक्षकांची नेमणूक किंवा दोहोंचे मिश्रण चालते.