ग्रहणाचा नाही, एका अक्षराचा फेर

खानापूर-निपाणीकडं हातपाय आखूड असलेलं मूल जन्मलं की चौकशी आईपासून सुरू होते. ग्रहणात काही चिरलं होतंस का? ती त्यातून सुटली, तर ‘मामाच्या पोरीशी लग्न केल्याचं फळ’ असा शेरा ठरलेला. असं मूल जन्मण्यामागं बहुतेकदा अकॉन्ड्रोप्लेझिया हा हाडांची वाढ अडवणारा जनुकीय विकार असतो आणि त्याच्याबाबतीत दोन्ही आरोप चुकीचे आहेत.

लांब हाडं टोकांशी वाढतात. तिथल्या कूर्चेच्या (मऊ, लवचीक हाडाच्या) पट्टीत पेशी वाढतात, फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. एफजीएफआर-३ हे प्रथिन या वाढीचा ब्रेक. त्याच्या जनुकात डीएनएचं एक अक्षर बदललं की तो ब्रेक दाबलेलाच राहतो. हा बदल १९९४ मध्ये सापडला. दंड आणि मांड्या सगळ्यांत आखूड राहतात, धड जवळपास नेहमीएवढं वाढतं. बुद्धीला काहीच होत नाही.

डोकं मात्र मोठं का? कवटीचा वरचा भाग कूर्चेतून बनतच नाही, म्हणून त्याची वाढ अडत नाही. कवटीचा तळ कूर्चेतूनच बनतो. त्यामुळं मज्जारज्जू जिथून खाली उतरतो ते छिद्र अरुंद राहतं. तान्ह्या बाळाचा झोपेत श्वास अडकू शकतो तो यामुळं. घरचे उंचीची काळजी करत बसतात. पहिल्या दोन वर्षांत खरी तपासणी हवी ती मानेची आणि झोपेतल्या श्वासाची.

अशा सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. बदल नव्यानं घडतो, तोही जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्रपेशीत, आणि त्यांच्या वयाबरोबर शक्यता वाढते. (वडिलांना कुणी काही विचारत नाही. विचारूही नये, त्यांच्या हातात काही नसतं.)

नात्यातलं लग्न नडतं ते मॉर्कियोसारख्या, हाडांवर परिणाम करणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात. नवराबायको दोघांकडं त्याच जनुकाची एकेक सदोष प्रत असली, तर दर गरोदरपणात धोका चारात एक. जन्मताना बाळ बहुधा ठीक दिसतं. पुढं दोन-तीन वर्षांत पाठीला बाक येतो, छाती पुढं येते, गुडघे आत वळतात. ‘लग्न नात्यात झालंय का?’ असं डॉक्टर विचारतात, ते म्हणूनच.

अकॉन्ड्रोप्लेझियासाठी व्होसोरिटाइड या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळाली. रोज इंजेक्शन, तेही हाडं वाढायची थांबेपर्यंतच. चाचणीत वर्षाला सरासरी दीड सेंटीमीटर जादा वाढ दिसली. औषध अतिशय महाग आहे. दिव्यांग प्रमाणपत्राची वाट त्यापेक्षा जवळची: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रौढपणी १४७ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी उंची ठेवणाऱ्या अशा आजारांची नोंद आहे.