सुकुमार राय

(३० ऑक्टोबर १८८७–१० सप्टेंबर १९२३). बंगाली बालकवी, कथाकार, चित्रकार व मुद्रणतज्ज्ञ. जन्म कलकत्त्यात, ब्राह्मो समाज या सुधारणावादी पंथाच्या कुटुंबात. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे बालसाहित्यिक आणि हाफटोन ठसे (छायाचित्रे बारीक ठिपक्यांत छापण्याचे ठसे) बनवण्याच्या तंत्रातले जाणकार. आई विधुमुखी या समाजसुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्या कन्या; आनंदीबाई जोशी यांच्या समकालीन डॉक्टर कादंबिनी गांगुली या विधुमुखींच्या सावत्र आई. चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय हे सुकुमार यांचे पुत्र. महाराष्ट्रात वडिलांची ओळख बहुधा मुलाच्या नावाने करून दिली जाते. बंगालमध्ये मात्र तशी गरज पडत नाही.

प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळवली. त्याच सुमारास घरच्या व मित्रमंडळींना जमवून ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला. क्लबसाठी ते विनोदी नाटके लिहीत. त्याचे एक हस्तलिखित मासिकही निघे. १९११ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे छायाचित्रण आणि मुद्रण शिकले. १९१३ मध्ये परतले, त्याच वर्षी सुप्रभा दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

वडिलांनी १९१३ मध्येच ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले होते. नावात निरोपही आहे आणि बंगाली मिठाईही. १९१५ च्या डिसेंबरात उपेंद्रकिशोर वारले आणि मासिक व ‘यू. राय अँड सन्स’ हा छापखाना सुकुमार यांच्यावर आला. पुढच्या आठ वर्षांत ‘संदेश’मध्ये त्यांनी कविता, शाळकरी पोरांच्या खोडकर गोष्टी आणि विज्ञानावरचे सोपे लेख लिहिले, चित्रे काढली.

मराठीत त्यांच्यासारख्या, वरवर निरर्थक वाटणाऱ्या गमतीच्या कवितेला ‘बडबडगीत’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. सुकुमार यांच्या बाबतीत हा शब्द तोकडा पडतो, कारण त्यांचा विक्षिप्तपणा काटेकोर नियमाने चालतो. ‘खिचुडि’ म्हणजे खिचडी या कवितेत हाँस (बदक) आणि सजारू (साळिंदर) मिळून ‘हाँसजारू’ होतो, बक आणि कच्छप मिळून ‘बकच्छप’, हाती (हत्ती) आणि तिमि (देवमासा) मिळून ‘हातिमि’. पहिल्या प्राण्याचे शेवटचे अक्षर तेच दुसऱ्याचे पहिले. सांधा नेमका तिथे बसतो. आणि हे करताना कवी कंसात बजावतो की आपण व्याकरण मानत नाही! मराठीत बकच्छप तेवढा जसाच्या तसा चालतो. बदक आणि साळिंदर काही केल्या जुळत नाहीत. सोबतच्या चित्रांतही हे प्राणी शरीररचनेच्या दृष्टीने खरे वाटावेत इतक्या गंभीरपणे काढलेले आहेत.

‘एकुशे आइन’ या कवितेतल्या शिवठाकुराच्या देशात पाय घसरून पडणाऱ्याला शिपाई धरतो, काझीपुढे उभा करतो आणि एकवीस रुपये दंड होतो; संध्याकाळी सहाच्या आत शिंकायचे तर तिकीट लागते. वसाहतकाळातल्या कायद्यांची ही टर आहे, असे अनेकजण मानतात. मुलांना ते ठाऊक नसले तरी काही अडत नाही.

गद्यात त्यांची सर्वांत गाजलेली कृती म्हणजे ‘हयवरल’. ही अक्षरे पाणिनीच्या संस्कृत व्याकरणातल्या माहेश्वर सूत्रांच्या, म्हणजे वर्णांच्या यादीच्या, क्रमाची. बंगालीत उच्चार ‘हजबरल’ आणि अर्थ सावळा गोंधळ. घाम पुसायला उचलावा तो गवतावरचा रुमाल मांजर झालेला असतो. एक कावळा पाटीवर हिशेब मांडतो : सात दुणे चौदाचे चार, हातचा राहिला पेन्सिल. सगळे करून हाती काहीच उरले नाही, या अर्थी ‘हातात राहिली पेन्सिल’ हे बंगालीत आजही बोलतात. याच गोष्टीतली माणसे वय चाळीस झाले की ते उलटे फिरवतात.

१९२१ मध्ये, सत्यजित यांचा जन्म झाला त्याच वर्षी, सुकुमार यांना काळ्या आजाराने गाठले. त्या काळात कलकत्त्यातच डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी या रोगावर युरिया स्टिबामाइन हे औषध तयार करत होते. सुकुमार यांना त्याचा उपयोग झाला नाही. अंथरुणावर पडून ते ‘संदेश’साठी लिहीत राहिले आणि ‘आबोल ताबोल’ (असंबद्ध बडबड) या आपल्या पहिल्या कवितासंग्रहाची मांडणी, मुखपृष्ठ व चित्रे करत राहिले. आजारपणात रवींद्रनाथ ठाकूर भेटायला आले आणि त्यांनी गाणी म्हणून दाखवली. संग्रहाच्या शेवटच्या कवितेत ‘घोड्याचे अंडे’ आहे, म्हणजे बंगालीत ‘मुळीच काही नाही’. आणि लगेच पुढे, झोपेची गुंगी दाटून आली, माझी गाण्याची पाळी संपली, अशा अर्थाच्या ओळी. पुस्तक बाहेर आले १९ सप्टेंबर १९२३ रोजी, कवी गेल्यानंतर नवव्या दिवशी. सुकुमार यांचे वय पस्तीस होते. ‘हयवरल’ पुस्तकरूपाने १९२४ मध्ये आले.

पुढे काही वर्षांतच छापखाना बुडाला आणि ‘संदेश’ बंद पडले. १९६१ मध्ये सत्यजित राय आणि कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी ते पुन्हा सुरू केले. सत्यजित यांनी वडिलांच्या काही कवितांचे इंग्रजी अनुवाद केले आणि १९८७ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्यावर माहितीपट काढला.