सिकल, जी६पीडी आणि मलेरिया : तपासणीला रक्त द्यायला येण्याआधी एवढं वाचा

आमच्या लॅबमध्ये सिकलचा रिपोर्ट हातात पडला की निम्मे लोक काउंटरवरच विचारतात, "सिकलचा वाहक म्हणजे मलेरिया होणार नाही ना?"

सिकल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार; आई-वडिलांपैकी एकाकडूनच त्याचं जनुक आलं, तर तो वाहक. ऐकीव गोष्ट अगदीच खोटी नाही. संशोधक ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या लोकांचं रक्त तपासून वाहकांना मलेरियाचा त्रास कमी होतो असं मांडलं. पुढे दिसून आलं, की फॅल्सिपॅरम या जंतूचा मलेरिया गंभीर वळण घेण्याचा धोका वाहक मुलांमध्ये सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतो. जंतू शिरलेली लाल पेशी त्यांच्यात लवकर वाकडी होते आणि प्लीहा ती उचलून बाजूला काढते.

पण म्हणून मलेरिया होतच नाही असं नाही. तापही येतो. आणि आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्या रुग्णाला तर मलेरिया फार जड जातो. ताप आला की वाहकाचा रिपोर्ट बाजूला ठेवा, मलेरियाची तपासणी करा.

आता आमची खरी डोकेदुखी. रक्त चढवून झाल्यावर लोक नमुना द्यायला येतात आणि नेमकं तेच सांगत नाहीत. मशीनच्या आलेखावर वाहकाच्या हिमोग्लोबिनचे दोन सुळके दिसतात : नेहमीच्या 'ए'चा उंच, सिकलच्या 'एस'चा बुटका, साधारण ३५ ते ४० टक्क्यांचा. सिकलच्या रुग्णात 'ए' जवळजवळ नसतोच. पण नुकतंच रक्त चढवलं असेल, तर दात्याचा 'ए' आलेखात येऊन बसतो आणि रुग्ण चक्क वाहक वाटतो! एका मुलाचा नमुना आम्ही तीनदा चालवला, आकडे काही पटेनात. शेवटी आजी म्हणाल्या, "मागच्या महिन्यात दोन बाटल्या चढवल्या होत्या की."

जी६पीडीचंही तसंच. या एन्झाइमची कमतरता मलेरियाच्या मुलखात जास्त आढळते, कारण तिच्यामुळेही थोडं संरक्षण मिळतं. पण व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचे यकृतात दडून बसलेले जंतू मारायला प्रायमाक्विन हे औषध दिलं, तर अशा माणसाच्या लाल पेशी फुटू शकतात. म्हणून गोळ्यांआधी तपासणी. पेशी फुटून गेल्यावर आलात, तर नळीत उरतात त्या कोवळ्या पेशी. त्यांत एन्झाइम जास्त असतं, आणि रिपोर्ट खोटाच 'नॉर्मल' येतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. स्त्रियांकडे दोन एक्स, त्यामुळे कित्येकींचा निकाल अधलामधला येतो. म्हणून आम्ही नुसतं 'आहे-नाही' न लिहिता आकडा देतो.

"एवढे प्रश्न कशाला, टोचा सुई," असं ऐकून घ्यायची आम्हाला सवय आहे. रक्त चढवलेल्याला साधारण तीन महिन्यांनी या म्हटलं, की त्या दिवसाचं गिऱ्हाईक जातं, हे आम्हालाही कळतं. पण चुकीच्या आकड्यावर आमची सही नको. थांबणं शक्यच नसेल तर डॉक्टरांशी बोला. सिकलसाठी आई-वडिलांचे नमुने दिलेत तरी बराच उलगडा होतो, तीही सोय आमच्याकडे आहे. तीन महिन्यांनी फोन करून आठवणही आम्हीच करतो.

येताना जुना रिपोर्ट आणि रक्त चढवल्याची तारीख असलेला कागद आणा. मोबाइलमधला फोटो चालेल, फक्त तारीख वाचता आली पाहिजे.